छायाचित्रातला साप मण्यार नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या बुधवारच्या अंकात पाचव्या पानाच्या तळाशी एक बातमी होती. एका घराच्या बागेत संध्याकाळी साप निघाला, घरातल्यांनी आरडाओरडा केला, शेजारी काठ्या घेऊन धावले आणि 'नागरिकांच्या सतर्कतेमुळे अनर्थ टळला'. सोबत दोन कॉलमी छायाचित्र. काठीच्या टोकावर लोंबणारा साप, मागे पाच हसरे चेहरे. खाली ओळ : 'बागेत आढळलेला अतिविषारी मण्यार'.

तो मण्यार नव्हता. कवड्या होता. कवड्याला विष नसते. तो रात्री भिंतीवर चढून पाली खातो आणि पहाटे कुठल्यातरी फटीत जाऊन झोपतो. अनर्थ टळला म्हणता, तर त्या पाचजणांवर आलेला अनर्थ नेमका कोणता होता हे मला बातमी तीनदा वाचूनही कळले नाही. सापावर आलेला मात्र टळला नाही.

मी चौतीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले. सुरुवात छपाईचे खिळे जुळवण्याच्या काळातली, शेवट संगणकावरचा. निवृत्त झाले तरी भिंग टेबलावरच असते आणि सकाळी चहाबरोबर पेपरातल्या चुकांखाली पेन्सिलने रेघ ओढल्याशिवाय चैन पडत नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांबद्दल मी आजवर आपल्याला एकदाही लिहिलेले नाही, हे कृपया माझ्या जमेस धरावे. पण ही चूक काना-मात्रेची नाही.

भिंगाखाली वर्तमानपत्रातले छायाचित्र मोठे होत नाही, छपाईचे ठिपके तेवढे मोठे होतात. तरीही जे दिसायला हवे ते दिसत होते. अंग तपकिरी. मानेजवळ पिवळसर पांढरी पट्टी, तिच्यामागे ठळक आडवे पट्टे, पाठीवरून कुशीकडे उतरताना दोन फाट्यांत फुटलेले. शेपटीकडे जावे तसे ते पट्टे पुसट होत गेलेले, आणि शेवटचा हातभर भाग जवळजवळ कोरा. मण्यारचे याच्या अगदी उलट असते. अंग निळसर काळे आणि चकचकीत. पट्टे बारीक पांढऱ्या रेघांसारखे, बहुतेक जोडीजोडीने. डोक्यामागचा बराचसा भाग कोरा, आणि शेपटीकडे जावे तसे पट्टे अधिकाधिक स्पष्ट. एकाचे लिखाण सुरुवातीला ठळक आणि शेवटी फिकट, दुसऱ्याचे सुरुवातीला कोरे आणि शेवटी ठळक. 'दिन' आणि 'दीन' यांत जेवढे अंतर तेवढेच, एका वेलांटीचे. पण अर्थ कुठल्या कुठे जातो.

हे मी कोणत्या तोंडाने लिहिते आहे तेही सांगायला हवे. २०११ च्या पावसाळ्यात, दिवेलागणीला, आमच्या मागच्या अंगणातल्या नळाजवळच्या भिंतीवर एक पट्ट्यापट्ट्यांचा साप दिसला. मी ओरडले, ''अहो, मण्यार! मारा, मारा त्याला!'' हे काठी घेऊन आले, पण हात उगारण्याआधी थांबले आणि म्हणाले, ''नक्की ना?'' मी म्हटले, ''नक्की.'' त्यांनी मारला. मग मेलेला साप जुन्या वर्तमानपत्रावर ठेवला, आणि धंद्याची खोड, मी वाकून वाचायला लागले. पट्टे मानेपाशी ठळक होते. शेपटीकडे नव्हते. तेव्हा त्याचा अर्थ मला लागला नाही, पण काहीतरी चुकले आहे एवढे कळले; प्रूफ वाचताना शब्द बरोबर वाटतो तरी नजर अडकते, तसे. दुसऱ्या दिवशी वाचनालयातून सापांचे पुस्तक आणले आणि जागीच बसले. मारणारे हे होते, पण नाव मी दिले होते. ह्यांनी मला त्याबद्दल कधी एका शब्दाने टोचले नाही. फक्त तेव्हापासून मी कोणत्याही बाबतीत 'नक्की' म्हटले की ते हळूच विचारतात, ''मण्यार आहे का?''

त्या दिवसापासून मी वही ठेवली. बागेत जो साप दिसेल त्याची तारीख, वेळ, जागा, आणि लांबून जे वाचता आले ते. ओळखता आला नाही तर प्रश्नचिन्ह. वहीत प्रश्नचिन्हे पुष्कळ आहेत आणि त्यांची मला आता लाज वाटत नाही.

सर्वांत जास्त शिकवले ते एका कातेने. जाईच्या मांडवाखाली सापडली, सबंध, शेपटीच्या टोकापर्यंत. कात पायमोजा काढावा तशी उलटी निघते, आतली बाजू बाहेर. खिळे उलटे वाचायची सवय असलेल्या बाईला यात अवघड काही नव्हते. काळ्या कागदावर पसरली आणि भिंग घेऊन बसले. रंग जवळजवळ नसतात, पण खवल्यांची मांडणी अक्षरशः छापल्यासारखी असते. मण्यारच्या पाठीच्या कण्यावरची खवल्यांची ओळ बाकीच्यांपेक्षा मोठी आणि षट्कोनी असते. या कातेत पाठीवरचे सगळे खवले सारख्याच आकाराचे होते. शेपटीच्या खालच्या बाजूला मण्यारचे खवले एकेक, अखंड असतात. कवड्याचे दोन-दोन, मधोमध दुभंगलेले. इथे दुभंगलेले होते. म्हणजे दोन्ही पुरावे कवड्याच्या बाजूचे. डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक टोप्या होत्या, कारण सापाला पापण्या नसतात आणि डोळ्यावरचा खवलाही कातेबरोबर निघतो. सबंध दुपार गेली. कुणाला चावा नाही, कुणाच्या हातात काठी नाही, आणि जे वाचायला मिळाले ते पुस्तकाच्या तोडीचे.

वहीत अधूनमधून गंमतही आहे. एकदा कुंडीतली माती बदलताना गांडुळासारखे काहीतरी काळे निघाले. पण गांडूळ ओलसर असते आणि त्याच्या अंगाला वळी असतात. हे कोरडे आणि चकचकीत होते, आणि भिंगातून पाहिले तर इवलीशी जीभ आत-बाहेर होत होती. तो वाळा, वीतभर लांबीचा, जवळजवळ आंधळा, मुंग्यांची अंडी आणि वाळवी खाणारा. कुंड्यांच्या मातीतून हा जगभर पोचला आहे. यांच्यात नर सापडत नाहीत. सगळ्या माद्या, आणि नराशिवायच पिल्ले होतात. हे मी ह्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

आता गंभीर गोष्ट. कवड्या कसा ओळखायचा हे कळल्यावर मी ते येईल त्याला सांगत सुटले. शेजारचा एक कॉलेजात जाणारा मुलगा मोठ्या आवडीने ऐकायचा. गेल्या वर्षी एका रात्री कुंपणाशी रचलेल्या विटा हलवताना त्याला साप दिसला. त्याने मला हाक मारली, ''काकू, लवकर या, तुमचा कवड्या!'' मी टॉर्च घेऊन जाईपर्यंत तो ओणवा होऊन हात पुढे करत होता. उजेड सापाच्या डोक्यापासून मागे सरकवत नेला. डोक्यामागे कोरे. बरेच कोरे. मग एक रेघ, मग दोन-दोन. मी त्याच्या सदऱ्याची कॉलर धरून मागे ओढले. त्या रात्री आलेल्या सर्पमित्रांनी तो मण्यारच असल्याचे सांगितले, बरणीत घेतला आणि जाताना मला विचारले, ''काकू, मण्यारच्या पिल्लाला पुढच्या भागातही पट्टे असतात हे तुम्ही या मुलाला सांगितलं होतं का?''

नव्हते सांगितले. मलाच माहीत नव्हते.

म्हणून संपादक महोदय, चुकीच्या नावाचा धोका दोन्ही बाजूंनी आहे. कवड्याला मण्यार म्हटले की साप मरतो. मण्यारला कवड्या म्हटले की माणूस मरतो. आपल्या अंकातला तो फोटो पाहून कुणीतरी मनात नोंद केली असेल : मण्यार असा दिसतो, तपकिरी, मानेपाशी ठळक पट्टे. उद्या त्याच्या पायाशी काळाभोर, पुढून कोरा असलेला साप आला तर तो म्हणेल, हा काही मण्यार नाही, पेपरात पाहिला होता तो वेगळा.

मण्यारच्या बाबतीत हे फार महाग पडते. तो रात्रीचा फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला बऱ्याचदा अंथरुणातच चावतो. चावल्याचे फारसे दुखत नाही, सूज येत नाही, कित्येकदा दाताची खूणही दिसत नाही. डास चावला असेल म्हणून माणूस कूस बदलतो. मग पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायू थकतात. 'दोन दातांच्या खुणा असतील तरच विषारी' हा आपल्याकडचा लाडका नियम इथे जीव घेतो.

असे आणखी काही लाडके नियम आहेत. 'त्रिकोणी डोके म्हणजे विषारी.' नागाचे डोके त्रिकोणी नसते, मण्यारचेही नसते. उलट मांजऱ्याचे असते, आणि त्याच्यापासून माणसाला धोका नाही. दिवड हा बिनविषारी साप चिडला की डोके आणि मान चपटी करून असा काही आव आणतो की बघणारा 'नाग, नाग' म्हणत पळतो. फणा काढलेला नाग ओळखायला भिंग लागत नाही, फण्यामागचा दहाचा आकडा लहान मुलालाही वाचता येतो. पण नाग काही चोवीस तास फणा काढून हिंडत नाही. फणा मिटला की तो निव्वळ एक तपकिरी लांब साप, आणि त्याच्याजागी बिचारी धामण मार खाते. धामणीची मान डोक्यापेक्षा स्पष्ट बारीक, डोळे मोठे, आणि ओठांवर काळ्या उभ्या रेघा, जणू कुणी ओठ दोऱ्याने शिवले आहेत. माणूस दिसला की ती सहसा सुसाट पळते. आमच्या बागेत धामण येऊन गेली की पुढे कितीतरी दिवस उंदरांची खुडबुड ऐकू येत नाही.

सर्वांत घातक गफलत घोणशीची. घोणशीच्या अंगावर गडद लंबगोलांच्या तीन माळा असतात, साखळीच्या कड्यांसारख्या, प्रत्येक कड्याला काळी आणि पांढरी किनार. लोकांना ती अजगराचे पिल्लू वाटते, आणि 'अजगर काही करत नाही' म्हणून उचलायला जातात. कधी ती डुरक्या घोणस समजली जाते, जी बिनविषारी आहे. नावातच घोणस असल्याने गोंधळात भर. डुरक्याच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, आणि शेपूट आखूड, कापल्यासारखी. खऱ्या घोणशीची एक खूण मात्र डोळे मिटूनही कळते : कुकरची शिट्टी व्हावी तसा लांबलचक फूत्कार. तो ऐकू आला तर पुढचे वाचन बंद करून मागे सरकावे. फुरशाबद्दल मी काही लिहीत नाही. ते आमच्या बागेत कधी निघाले नाही, आणि न पाहिलेल्या सापाबद्दल पांडित्य करण्याची हौस २०११ मध्येच फिटली.

इंग्रजीत घोणशीला ज्या पॅट्रिक रसेल याचे नाव आहे, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला वैद्य आणि निसर्गअभ्यासक. कोरोमंडल किनाऱ्यावरचे साप गोळा करून, त्यांची चित्रे काढवून घेऊन त्याने १७९६ मध्ये सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. विषारी कोणते आणि निरुपद्रवी कोणते हे लोकांना ओळखता यावे, हा त्यामागचा एक हेतू होता. सव्वादोनशे वर्षे होऊन गेली. तेव्हा चित्रे हाताने रंगवावी लागत. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि तरी चित्राखालची ओळ चुकते.

'ओळखता नाही आला तर डॉक्टरांना काय सांगणार, म्हणून मारला' असेही आपल्या बातमीत एक नागरिक म्हणाले आहेत. त्याचे उत्तर बातमीतच द्यायला हवे होते. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एकच आहे. साप कोणता हे ठरवल्याशिवायही डॉक्टर लक्षणे पाहून उपचार सुरू करतात. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असेल तर ते रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही तर विष भिनले आहे असे समजतात. एवढी साधी तपासणी. त्यासाठी पिशवीत मेलेला साप न्यावा लागत नाही. आणि ताजा मेलेला साप, किंवा त्याचे तुटलेले डोकेसुद्धा, चावू शकते. चावा झालाच तर अंगठी-बांगड्या काढाव्यात, चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून हलू देऊ नये, माणसाला चालवू नये, आणि १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. आवळपट्टी नको, ब्लेडने कापणे नको, तोंडाने चोखणे नको. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत चावा ओळखता न आल्याने किंवा आधी दुसरीकडेच उपचार करत बसल्याने उशीर झालेले किती असतील, याचा विचार केला की पेपरातली चुकीची ओळ मला क्षुल्लक वाटत नाही.

आणखी एक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे. त्यांना मारणे, पकडून बाळगणे गुन्हा आहे. आपण पाच माणसांच्या चेहऱ्यांसह त्याचा पुरावा छापला आणि वर 'सतर्कता' म्हणून पाठ थोपटली. आणि दुसऱ्या टोकाला, नाग गळ्यात घालून उभ्या असलेल्या हौशी मंडळींचे फोटोही आपण अधूनमधून छापता. आमच्याकडे आलेले सर्पमित्र लोखंडी आकडी, पाइप आणि बरणी घेऊन आले, सहा-सात मिनिटांत काम करून गेले, फोटोला थांबले नाहीत. फोटो छापायचाच असेल तर अशांचा छापा. अर्थात ते तयार होणार नाहीत.

माझी मागणी फार मोठी नाही. सापाचा फोटो आला की पानावर लावण्यापूर्वी ओळखणाऱ्या माणसाला एकदा दाखवा. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला तरी अशी माणसे कुठे आहेत ते कळते. वेळ नसेल तर ओळीत 'साप' एवढेच छापा. ते कधीच चुकत नाही. आणि या वेळची चूक दुरुस्त करा, त्याच पानावर, त्याच मापाच्या टायपात. कोपऱ्यात सहा पॉइंटात नको. शुद्धिपत्र कोणी वाचत नाही अशी संपादकांची समजूत असते. मी वाचते, आणि माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

आपल्या लोकांचा वेळ वाचावा म्हणून मजकूर तयार करून देते :

'बुधवारच्या अंकात पृष्ठ ५ वरील छायाचित्राखाली "अतिविषारी मण्यार" असे छापले गेले. तो कवड्या हा बिनविषारी साप होता. मण्यारचा रंग निळसर काळा असतो, मोठ्या मण्यारचे पांढरे पट्टे मागील भागात ठळक आणि मानेकडे पुसट किंवा दिसेनासे होतात. पिल्लांत मात्र पुढेही पट्टे असतात. खात्री नसेल तेथे साप विषारी आहे असे समजून दूर राहावे, त्याला जाऊ द्यावे किंवा त्याच्यावर लांबून नजर ठेवून सर्पमित्रांना बोलवावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

जागा कमी पडली तर शेवटचे वाक्य गाळले तरी चालेल. दुसरे गाळू नये.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त मुद्रितशोधक